विचारा की! : डेंग्यू पोराला झालाय, पण कारण गल्लीत आहे

यावेळची पत्रं जरा वेगळी आहेत. कुठली गोळी घेऊ, किती दिवस घेऊ, असली पत्रं नेहमी येतात आणि त्यांना उत्तरंही आपण देतोच, पण या महिन्यात बहुतेकांनी आजाराच्या जोडीला घराभोवतालचं काहीतरी लिहिलंय, कुणी शेजारच्या प्लॉटबद्दल, कुणी भिंतीबद्दल, कुणी शाळेच्या संडासाबद्दल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सरकारी आरोग्य खात्यात इतकी वर्षं काढली, तिथं केसपेपरवर नाव, वय, गाव, तक्रार सगळं लिहितात पण तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं ते लिहायला रकानाच नसतो. म्हणून यावेळी उत्तरं थोडी लांबलीत, वाचा निवांत.

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत गुंठेवारीत राहतो, दीड गुंठ्यात घर बांधलंय. शेजारचा प्लॉट मोकळा आहे, पावसाळाभर त्यात गुडघाभर पाणी असतं. मुलाला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि यावर्षी परत झाला, दोन्ही वेळा ॲडमिट करावं लागलं. सासूबाई म्हणतात तू घर स्वच्छ ठेवत नाहीस म्हणून. मी रोज फिनेल टाकून फरशी पुसते, धूर फवारणीवाले आले की दारं-खिडक्या उघड्या ठेवते. पाणी दिवसाआड येतं तेही कमी दाबानं, म्हणून दोन बॅरेल आणि एक पिंप भरून ठेवावं लागतं. माझं नक्की चुकतंय काय?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे फरशीचा आणि डेंग्यूचा काडीचाही संबंध नाही, हे सासूबाईंना वाचून दाखवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणीत वाढत नाही, त्याला स्वच्छ, साठवलेलं, हललं नाही असं पाणी लागतं. शेजारच्या प्लॉटमधल्या त्या हिरव्या गढूळ पाण्यात जास्त करून वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. तो झोपेचं वाटोळं करतो, पण डेंग्यू तो आणत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तो बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या नाहीतर शेजारच्या घरातल्या पाण्यात जन्मलेला असतो. तुम्ही पत्राच्या शेवटी बॅरेल आणि पिंपाचं जे लिहिलंय ना, माझ्या मते अर्धं उत्तर तिथंच आहे.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. तुम्ही बॅरेल रिकामं करता, परत भरता, अंडी जागच्या जागी. ती कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पाणी परत वर आलं की फुटतात, आणि तिथून पुढं साधारण ७ ते १० दिवसांत डास तयार होऊन उडून जातो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून आशाताई आणि आरोग्यसेवक मागं लागलेले असतात. पण कोरडा म्हणजे नुसतं पाणी ओतून दिलं असं नव्हे, बॅरेल आतून घासणीनं खसाखसा घासायचं, उन्हात पालथं घालायचं आणि भरलं की वरून फडकं ताणून बांधायचं. झाकण नुसतं ठेवलं तर फटीतून डास जातो. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवर पडलेलं टायर, करवंट्या हे पण बघा, आणि संडासाच्या टाकीच्या वरच्या पाइपला जाळी बांधा, क्युलेक्स तिथनंच येतो. आणि हे एकटीनं करून भागणार नाही, हा डास शंभर-दीडशे मीटरच्या आतबाहेर फिरतो, म्हणजे अख्खी गल्ली एकाच वारी कोरडी झाली तरच उपयोग. धुरानं फक्त त्या वेळेला उडणारे मोठे डास मरतात, बॅरेलमधल्या अळीला काही होत नाही. धूर दिसतो म्हणून लोकांना बरं वाटतं, एवढंच.

पण ताई, मला इथं थांबायचं नाहीये, कारण इथं थांबलं तर सगळा दोष परत तुमच्या बॅरेलवर येतो. तुम्ही बॅरेल का भरता, तर नळाला रोज पाणी येत नाही म्हणून. आणि नळाचं, गटाराचं असं का, तर गुंठेवारी झालीच तशी. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्याचे तुकडे पाडून विकले गेले, ले-आउट नाही, गटाराला जागा नाही, रस्ता जेमतेम, आणि कामासाठी शहरात आलेल्या माणसाला तेवढीच जागा परवडत होती. सांगलीची काळी जमीन, पाणी मुरतच नाही, उतार कुणी काढला नाही मग पाणी जाणार कुठं. राज्यानं २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले. कागद नियमित झाले हे चांगलंच झालं, पण कागद नियमित होणं आणि पाणी नियमित होणं यात अजून मोठं अंतर आहे आणि त्या अंतरात तुमचा मुलगा दोनदा ॲडमिट झालाय. असं मी रागानं लिहित नाही, पण लिहायलाच पाहिजे.

तर आता करायचं काय. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्या, सह्या बायकांच्या पण घ्या कारण पाणी त्याच भरतात. अर्जात ‘डासांचा त्रास’ एवढंच लिहू नका, त्याला धुराची गाडी हे उत्तर ठरलेलं आहे. लिहा की पाणी ठरलेल्या वेळेला आणि पुरेशा दाबानं पाहिजे, मोकळ्या प्लॉटच्या मालकाला पाण्याचा निचरा करायची नोटीस काढा (तसा अधिकार महापालिकेला आहे), आणि नियमितीकरणासाठी आमच्याकडून जे विकास शुल्क भरून घेतलं ते आमच्या भागात कशावर खर्च झालं ते सांगा. शेवटचा मुद्दा माहिती अधिकारात वेगळा पण टाका. निचरा होईपर्यंत त्या डबक्यात गप्पी मासे सोडायला सांगा, हिवताप विभागाकडं मिळतात. आणखी एक, मुलगा खासगी दवाखान्यात होता का? असेल तर ती केस महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवली गेली का ते विचारा, कळली तरच आजूबाजूच्या घरांत कंटेनर सर्व्हे (साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांत अळ्या आहेत का ते बघणं) होतो.

मुलाबद्दल महत्त्वाचं. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत, एक होऊन गेला म्हणून दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही, उलट दुसऱ्यांदा झालेला कधी कधी जास्त जोर करतो. पुन्हा ताप आलाच तर पॅरासिटामॉलच द्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही. आणि ताप उतरल्यावर जर पोटात खूप दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोरगं एकदम मलूल पडलं तर वाट बघू नका, थेट दवाखाना. ताप उतरला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नेमके तेच दोन दिवस जपायचे असतात.

प्रश्न : ताई, आमचं गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी. २०१९ च्या महापुरात घरात छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला परत आलं. तेव्हापासून आप्पांना (वडील, वय ७२) पावसाळ्यात दमा लागतो, आणि पाऊस लागून राहिला की रात्री झोपत नाहीत, बॅटरी घेऊन नदी बघून येतात. आम्ही भावांनी वर माळावर घर बांधायचं ठरवतोय पण आप्पा म्हणतात मी इथंच मरणार. त्यांना समजवायचं कसं?
— एक मुलगा, पलूस तालुका

उत्तर : दादा, समजवायचं नंतर बघू, आधी दमा. पाणी ओसरल्यावर लोक काय करतात, भिंत वरून वाळली की सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारून टाकतात, दिसायला घर नवं होतं. पण जुनी माती-दगडाची भिंत आतून ओलीच असते, गिलाव्यानं आणि पेंटनं ती ओल आतच कोंडते आणि मग पावसाळ्यात कपाटामागं, कॉटच्या डोक्याशी काळे ठिपके उठतात. ती बुरशी. तिचे कण श्वासावाटे छातीत जातात. आप्पांची कॉट भिंतीपासून हातभर लांब ओढा आज, त्या भिंतीवरचा सुटलेला पेंट खरवडून काढा, चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी करा, चुना ओल बाहेर जाऊ देतो. चूल अजून त्याच खोलीत पेटत असेल तर तीही बाहेर काढा. आणि छातीची तपासणी करून घ्या, फुंकर मारायची टेस्ट असते, मिरजेच्या सिव्हिलला जाऊन आलात तरी चालेल. डॉक्टरांनी पंप दिला तर पंपाची सवय लागते वगैरे ऐकू नका, पंप गोळीपेक्षा सौम्य असतो.

आता रात्रीचं जागरण. आपल्याकडं पाऊस वाढला की अख्खा जिल्हा एकमेकांना एकच विचारतो, ‘आयर्विनला किती?’, म्हणजे सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे, आणि २०१९ ला तो आकडा ५७ च्या वर गेलेला आप्पांनी पाहिलाय. ज्यानं पाहिलंय त्याला कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की झोप कशी लागेल? त्यांना वेड लागलेलं नाही आणि हट्टही नाही, ही भीती खरी आहे आणि तिला उपाय आहेत. १४४१६ या नंबरवर टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात, आधी तुम्ही स्वतः फोन करून बघा. आणि रात्री नदी बघायची ड्यूटी तुम्ही भावांनी वाटून घ्या, आप्पांना सांगा की दोन वाजता मी बघून येतो, तुम्ही पडा. ऐकतील असं वाटतं मला.

माळावर जायचं की नाही. घर पूररेषेच्या आत कुठं येतं ते आधी पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. निळ्या रेषेच्या आत असाल तर मुळीच घुटमळू नका, तिथं परत पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं. पण आप्पा ‘इथंच मरणार’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेगळं काहीतरी म्हणायचं असतं. त्यांना विचारा की माळावर म्हशी कुठं बांधायच्या, चारा कुठून आणायचा, सकाळी कट्ट्यावर कोण असणार, दूध घालायला किती लांब, पाण्याला काय. २०१९ ला कितीतरी माणसं बोट दारात आली तरी निघाली नाहीत ती दावणीला जनावरं होती म्हणून, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. नव्या जागेच्या प्लॅनमध्ये गोठा आधी काढा आणि मग बेडरूम, आणि आप्पांना घेऊन तिथं आखणी करा.

मला स्वतःला असं वाटतं की एकेक घर वर नेण्यापेक्षा गल्लीच्या गल्ली, भावकीच्या भावकी एकत्र जायला पाहिजे. म्हातारं माणूस नव्या सिमेंटच्या घरात दिवसभर एकटं बसलं की त्याची शुगर, बीपी सगळं बिघडतं हे मी पुनर्वसनाच्या वसाहतींत पाहिलंय. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनात १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात, रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी सगळं त्यात येतं, आणि ते पदरात पाडून घ्यायला कोयनेच्या माणसांच्या दोन-दोन पिढ्या भांडल्यात. पूरग्रस्तांनी प्लॉट तेवढा मागून गप्प बसू नये, सुविधांची यादी हातात घेऊनच ग्रामसभेत उभं राहावं. आणि हो, पुन्हा पाणी आलंच तर गुरांना चारा घालायला पाण्यातून जाणाऱ्यानं गमबूट घालावा आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) गोळी आशाताईंना विचारून घ्यावी. पाणी ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडल्याशिवाय ते पाणी तोंडात घालू नका.

प्रश्न : नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून आम्ही २० लिटरचा जार घेतो. बरोबर करतोय ना?
— वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : तो वास येतोय ही चांगली बातमी आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असलं पाहिजे, तेवढं असलं की वाटेत पाइप फुटून काही आत आलं तरी ते मरतं. जारच्या पाण्यात ते नसतं, म्हणून जार कुणी धुतला, कधी भरला, नळी कुठं टेकवली यावर सगळं अवलंबून. माझं मत विचाराल तर गावानं महिन्याला घरटी जारवर जेवढे पैसे जातात त्याचा हिशोब एकदा ग्रामसभेत मांडावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन आहे का ते बघायची) करून दाखवायला सांगा, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, झालं नाही तर टीसीएल जुनी आहे नाहीतर पडलीच नाही, उघड्या पोत्यातली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. पाणी खारट, जड असेल, बोअरचं असेल तर प्रयोगशाळेत तपासून मगच आरओचा विचार करा. वास नकोच असेल तर कळशी तासभर उघडी ठेवा, वर फडकं टाकून, उडून जातो.

प्रश्न : मी मिरजेत राहतो, निवृत्त शिक्षक. बीपीची गोळी चालू आहे. लग्न, वरात, मिरवणूक काही असलं की डॉल्बीनं खिडक्या हादरतात, छातीत धडधडतं. तक्रार केली तर ‘सणाला विरोध करता’ म्हणतात.
— मिरज

उत्तर : सर, तुमचा त्रास मनाचा खेळ नाहीये. मोठा आवाज, त्यातही खालचा धक्का देणारा बेस, शरीर धोक्याचा इशारा समजतं, ठोके आणि बीपी दोन्ही वाढतात आणि झोपेत असलात तरी वाढतात. नियम २००० सालापासून आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सणाला सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, आणि दवाखान्याच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मिरज तर वॉनलेस हॉस्पिटलपासून दवाखान्यांचं गाव, प्रत्येक दवाखान्याभोवती नकाशावर १०० मीटरचं वर्तुळ काढून बघा, मुख्य रस्त्यांचा किती भाग त्यात येतो. तो नकाशा घेऊन मिरवणुकीच्या आधी, मार्ग ठरतात तेव्हा, शांतता समितीच्या बैठकीला जा. मिरवणूक दारात आल्यावर भांडू नका, तेव्हा कुणी ऐकत नाही आणि तुमचंच बीपी वाढतं. मंडळातली पोरं तुमचीच विद्यार्थी असतील, ढोल-ताशा, बँड, झांजपथक यांना कुणाचाच विरोध नाही हे त्यांना आधी सांगा. ज्या गावात सतारी घडतात तिथल्या पोरांना सूर आणि दणका यातला फरक समजतोच.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. सारखं डोकं दुखतं म्हणते, दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. खोदून विचारलं तेव्हा कळलं की शाळेत पाणीच पीत नाही, कारण तिथल्या बाथरूमला कडी नाही आणि आत पाणी नाही. सकाळी नऊला जाते ते पाचला येते. शाळेला बोलले तर म्हणतात निधी नाही.
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुम्ही खोदून विचारलंत म्हणून कळलं, नाहीतर वर्षभर डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या असत्या. आठ तास पाणी नाही आणि लघवी धरून ठेवायची, मग जंतुसंसर्ग होणारच, डोकंही दुखणारच. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करून घ्या, औषधाचा कोर्स पूर्ण करा, घरी भरपूर पाणी, आणि बद्धकोष्ठता आहे का तेही बघा कारण संडास पण मुली धरून ठेवतात.

पण घरी कितीही पाणी पाजलं तरी शाळेतले आठ तास तुमच्या हातात नाहीत, म्हणून शाळेकडंच वळायला लागेल. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह ही शिक्षण हक्क कायद्यातली अट आहे, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सगळ्या शाळांना तसे आदेश दिलेत. बांधकामं त्यानंतर बरीच झाली, खोली आहे, बाहेर मुलीचं चित्र रंगवलंय, पण टाकीत पाणी चढत नाही, सफाईला माणूस नाही आणि कडी तुटली की तुटलीच. बांधायला निधी येतो, चालवायला येत नाही, असंच बऱ्याच ठिकाणी होतं.

शाळा जिल्हा परिषदेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असायला लागतात. समितीत कोण आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं, बघा, आणि तुम्हीच पुढच्या वेळी नाव द्या. दुसरी जागा ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता, तो गावात कशावर गेला ते विचारा. तिसरी म्हणजे गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, आशाताई तिच्यात असतात, तिच्याकडं थोडा का होईना मोकळा निधी असतो आणि कडी, बादली, मग, पाइप एवढं त्यात सहज बसतं. आपल्याच तालुक्यातले आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० च्या सुमाराला गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली होती. तासगाव तालुक्यातल्या शाळेत मुलीला कडीवाचून तहानलेलं राहावं लागावं हे मला सहन होत नाही.

बोलताना मुलीचं नाव पुढं करू नका, तिला लाज वाटेल. चार-पाच आया मिळून मुख्याध्यापकांकडं जा, बाथरूम स्वतः उघडून बघा, फोटो काढा, आणि कडी त्याच आठवड्यात बसवून घ्या, कडीला निधीची वाट बघायची गरज नाही. पाण्याची टाकी आणि सफाईचा माणूस यासाठी मात्र ठराव लागेल, तो पुढच्या ग्रामसभेत लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल मागून स्वतःकडं ठेवा. तोपर्यंत बाईंशी बोलून मधल्या सुट्टीत मुलींना दोघी-दोघींनी पाठवा, एक आत, एक दाराशी, आणि पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी येते का ते रोज बघत राहा.